उपाशीपोटीची शुगर

“तुम्हाला जेस्टेशनल डायबेटिस आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनीच फोड करून सांगितलं. गरोदरपणात होणारा मधुमेह. पोटातली वार वाढत जाते तसं आईच्या अंगातलं इन्सुलिन पुरं पडत नाही आणि रक्तात साखर चढते. बाळंतपणानंतर बहुतेकींची उतरते. पण तोवर सांभाळली नाही तर बाळाला धोका.

त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. ‘बाळाला धोका’ एवढंच घेऊन मी खुर्चीतून उठले.

एप्रिल संपत आला होता आणि मला सहावा चालू होता. माझ्या आधी आत गेलेल्या बाईने डॉक्टरीणबाईंना हापूसची पेटी आणून दिली होती. जामसंड्यातला तो लहानसा दवाखाना, त्यातली ती एवढीशी केबिन, आणि तो वास. त्या वासात बसून माझ्या हातात कागद पडला: आंबा बंद, फणस बंद, साखर-गूळ बंद, भात एक वाटी. आंब्याच्या घरात दिलेल्या बाईला, ऐन हंगामात. देवालासुद्धा कधी कधी थट्टा सुचते.

मी डॉक्टर नाही. अंगणवाडी सेविका आहे, मनीषा माझं नाव. गरोदर बायांचं वजन करणं, त्यांना पोषण आहार देणं आणि ‘ताई, वेळेवर तपासणीला जा’ म्हणून मागे लागणं हे माझं काम. दुसऱ्याला शहाणपण सांगणाऱ्या बाईवर पाळी आली की काय होतं, ते लिहून ठेवते. तुमच्यातल्या कुणाला असाच कागद मिळाला असेल तर तिने हे वाचावं. तिच्या नवऱ्याने आणि सासूनेही वाचावं, त्यांना तर जास्त गरज असते.

आमचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. पोटातच. मुलगा होता. एका संध्याकाळी त्याची हालचाल थांबली, आणि दुसऱ्या दिवशी मला कळा देऊन तो काढला. का गेला, ते कुणी धड सांगू शकलं नाही.

त्यानंतर आम्ही दोन वर्षं थांबलो. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. फॉलिक अ‍ॅसिड म्हणून एक गोळी असते, बाळाचा मणका आणि मेंदू नीट घडावा म्हणून दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची, ती तीन महिने घेतली. थायरॉइड तपासलं. रक्त कमी होतं, ते लोहाच्या गोळ्या आणि नाचणी खाऊन वाढवलं. आणि मग दिवस राहिले. मी तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, अंगणवाडीतल्या मदतनीस बाईलासुद्धा नाही.

त्या दिवशी केबिनमधून निघताना डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, “मागच्या वेळी शुगर तपासली होती का? कदाचित तेव्हाही असेल.” त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ‘कदाचित’ गळून पडलं होतं. माझ्या रक्तातल्या साखरेने माझा मुलगा मेला, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

घरी काय झालं ते आता सांगते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. माझ्या घरातल्या दोघांनी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचं ठरवलं. सासूबाईंनी साखरेचा डबा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. गूळ गेला, खोबऱ्याच्या वड्या गेल्या. महेश, माझा नवरा, माझ्या चपात्या मोजायला लागला. आमची अंगणवाडी कुंपणाचा चिऱ्याचा गडगा ओलांडला की दोन मिनिटांवर, पण मला रजा घ्यायला लावली. पायऱ्या उतरायच्या नाहीत, बागेत जायचं नाही, दुपारी बारा वाजता तिठ्यावर उभं राहायचं नाही, कुणाच्या मयताला जायचं नाही. डॉक्टरांनी जेवणानंतर चालायला सांगितलं होतं, तर मी पुढच्या पडवीत या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायचे. बाहेर गडी आंबे उतरवताना दिसायचे, आणि मी खांब मोजायचे.

माझ्या खोलीला लागूनच आंब्याची अढी. पेंढ्यात आंबे पिकत घातलेले. मे महिन्यात उकाड्याने जीव जात असतो, खिडक्या उघड्या टाकाव्यात तर आत तो दरवळ. मला आंब्याचं एवढं काही वेड नाही, खरं सांगते. पण बंद म्हटलं की जीव तिथेच घुटमळतो.

एका दुपारी मी अढीच्या खोलीत गेले आणि एक पिकलेला आंबा उचलून नुसता नाकाशी धरला. खाणार नव्हते. मागे वळले तर दारात सासूबाई. त्यांनी माझ्या हातातून आंबा काढून घेतला.

माझा तोल सुटला. मी काय चोर आहे का, माझ्याच घरात मला कैद करून ठेवलंय का, असं बरंच काही बोलले. आवाज चढला होता, अंगणातले गडी माना वर करून बघायला लागले.

त्या शांतपणे म्हणाल्या, “चोर न्हय गो. माका भय वाटता.”

भांडायला समोर वाईट माणूस लागतं. माझ्यासमोर घाबरलेली म्हातारी होती, आणि तिच्यापेक्षा जास्त घाबरलेली मी.

पंधरा दिवसांनी तपासणी. फास्टिंग शुगर, म्हणजे रात्रभर उपाशी राहून सकाळी बघायची साखर, ती पंच्याण्णवच्या आत हवी होती. माझी एकशे बावीस आली. जेवणानंतर दोन तासांची, जिला पीपी म्हणतात, ती जरा वर होती, फार नाही. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. म्हणाल्या, “जेवणानंतरची बऱ्यापैकी आटोक्यात आहे, मग सकाळची एवढी का? काही खाऊन येत नाही ना?” मी म्हटलं, नाही हो, काहीसुद्धा नाही. महेशनेही मान हलवली.

मग इन्सुलिन सुरू झालं. गरोदरपणात गोळ्यांपेक्षा ते बरं, बाळापर्यंत पोचत नाही, असं त्यांनी समजावलं. पेनासारखं असतं, मागची चकती फिरवून आकडा लावायचा आणि मांडीत टोचायचं. झोपताना आठ युनिट. शिवाय ग्लुकोमीटर, घरी साखर बघायचं यंत्र. दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा आणि आकडा वहीत लिहायचा. थरथर, घाम असं काही झालं तर लगेच साखर खा, हेही त्यांनी सांगितलं होतं आणि कागदाच्या मागे लिहिलं होतं. आम्ही तो कागद फ्रिजवर चिकटवला, पुढची बाजू पुढे ठेवून.

माझी सकाळ अशी असायची. साडेपाचला सासूबाई मला उठवायच्या. हातात मोठा वाडगा, त्यात उकड्या तांदळाच्या पेजेचं पाणी, कोमट, वर मिठाचा खडा. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या पोटात काही ठरत नव्हतं, तेव्हा हेच एक ठरायचं, म्हणून ते पुढेही चालू राहिलं. मग तोंड धुणं, आंघोळ, देवाला दिवा. सातच्या सुमाराला बोटाला सुई. नाश्ता त्यानंतर. कागदावर तसंच होतं, नाश्त्याच्या आधी बघायची, आणि आम्ही नाश्त्याच्या आधीच बघत होतो.

आकडा उतरेना. एकशे अठरा, एकशे चोवीस, एकशे पंधरा. फोनवर आकडे कळवले की डोस वाढायचा. आठाचे दहा झाले, दहाचे बारा, मग चौदा. सुई वाढली म्हणून सासूबाईंना माझी काळजी वाटायची. सुईने बाई खंगते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्या पाण्यात थोडी शितंही यायला लागली, माझ्या अंगात ताकद यावी म्हणून. मी ते गटागटा प्यायचे. खरं तर सकाळी उठले की मला दरदरून घाम आलेला असायचा, डोकं दुखायचं, हातात जीव नसायचा, आणि पेजेचं पाणी पोटात गेलं की पंधरा मिनिटांत बरं वाटायचं. मला वाटायचं, मे महिना आहे, पोट आहे, व्हायचंच.

आकड्यांनी माझं डोकं फिरवलं होतं. सकाळी मी वही परीक्षेचा निकाल बघावा तशी उघडायचे. काल रात्री काय खाल्लं, कुठे चुकलं, चपाती मोठी होती का, पडवीत दोन फेऱ्या कमी पडल्या का? बाळ पोटात लाथ मारायचं तेव्हा मी आनंदायच्या ऐवजी त्याची माफी मागायचे. तुला पण मीच मारणार, असं एकदा मोठ्याने म्हणाले. महेशने ऐकलं आणि तो अंगणात निघून गेला. त्या महिन्यात आम्ही नवरा-बायको आकड्यांशिवाय फारसं काही बोललोच नाही.

जूनच्या मध्यावर डॉक्टरीणबाईंनीच कणकवलीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ग्रोथ स्कॅन करायचा होता, म्हणजे बाळ महिन्यांच्या मानाने नीट वाढतंय का ते सोनोग्राफीत मोजायचं. त्याआधी तिथे उपाशीपोटी रक्तही द्यायचं होतं. आठची वेळ. नांदगावचा नेहमीचा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून तळेऱ्यावरून जायचं ठरलं आणि साडेपाचलाच गाडी काढली. सासूबाई वाडगा घेऊन दारात आल्या होत्या, पण वळणांच्या रस्त्यावर मला उलटी होते, म्हणून मी नको म्हटलं. पहिल्यांदाच.

तळेरं जवळ आलं तेव्हा मला घाम फुटला. मग हात थरथरायला लागले. मला महेशला गाडी थांबव म्हणायचं होतं, पण ‘थांबव’ हा शब्दच सापडेना. डोळ्यांसमोर झाडं दोन-दोन दिसायला लागली. महेशने एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावली, मला धरून बाकावर बसवलं, आणि बिचाऱ्याने शहाण्यासारखं पहिलं काम केलं ते पिशवीतून ग्लुकोमीटर काढून माझ्या बोटाला सुई टोचण्याचं.

शेहेचाळीस.

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “गो मनीषा, बघ! शेहेचाळीस! किती खाली इली!” दीड महिना हा माणूस आकडा उतरायची वाट बघत होता. आता तो उतरला होता आणि मी मरायला टेकले होते, पण त्याला आकडाच दिसत होता. मला त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता.

टपरीवरची बाई पन्नाशीची असेल. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहाच्या साखरेचा डबाच घेऊन आली. महेशने तिचा हात धरला. म्हणाला, साखर नको, तिला शुगर आहे, पोटात पोर आहे, डॉक्टरांनी बंद केली आहे. ती म्हणाली द्यायलाच हवी, हा म्हणाला देऊ नका. माझ्या डोक्यावर त्यांची झटापट चालली होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

“माजो घोव धा वर्सां सुई घेता,” ती आपल्या नवऱ्याबद्दल म्हणाली. “हात सोड. बायको व्हयी काय आकडो व्हयो?”

तिने त्याचा हात झटकला, माझा जबडा धरला आणि साखरेची चिमूट गालात घातली. मग दुसरी. मी गिळते आहे असं बघितल्यावर साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. दहा मिनिटांनी झाडं एक-एक दिसायला लागली. मग तिने बशीत दोन बिस्किटं दिली आणि ती संपेपर्यंत समोरून हलली नाही. महेश बाजूला उभा राहून रडत होता. मी त्याला पहिल्या मुलाच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं.

तिचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

कणकवलीचे डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. आधी त्यांनी बाळाचे ठोके ऐकवले. घोड्याच्या टापांसारखे. ठीक आहे, म्हणाले. मग सांगितलं, जे झालं त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. रक्तातली साखर फार उतरणं. चढलेली साखर बाळाला हळूहळू त्रास देते, उतरलेली आईला तासाभरात घेऊन जाऊ शकते. महेश खाली मान घालून ऐकत होता.

त्यांनी माझी वही चाळली, पुन्हा मागून पुढे चाळली. म्हणाले, “रोज सकाळी एकशे वीस, आणि आज शेहेचाळीस. आज वेगळं काय केलंत?”

मी म्हटलं, काही नाही, लवकर निघालो एवढंच.

“आज काही खाल्लं नव्हतं?”

“नाही. रोजच नाही खात. उपाशीच असते.”

“पाणी?”

“आज तेही नाही. रोज असतं ते. पेजेचं पाणी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

तुम्ही बाहेरचे असाल तर हसाल. पण आमच्याकडे पेजेचं पाणी म्हणजे खाणं नव्हे. पेज आम्ही दहा-अकराला जेवतो, तोंडी लावायला सुकी मासळी किंवा लोणचं घेऊन, ते खाणं. तिचं वरचं पाणी आजाऱ्याला देतात, तापल्या पोराला देतात, उपास असला तरी कितीतरी घरी चालतं. ते पाणीच. मला कुणी कोर्टात उभं करून शपथ घालून विचारलं असतं, सकाळी काही खाल्लंस का, तर मी गीतेवर हात ठेवून नाही म्हटलं असतं. आणि मी पंधरा वर्षं अंगणवाडीत पोषण शिकवते! तांदूळ म्हणजे पिष्ट, पिष्ट म्हणजे साखर, हा तक्ता माझ्याच हाताने भिंतीवर लावलेला आहे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दीड तास आधी भाताचं पाणी पिऊन मी रोज जो आकडा लिहीत होते तो उपाशीपोटीचा नव्हताच. त्या खोट्या आकड्याला खाली आणायला सुई वाढत गेली. रात्री खरी साखर पार तळाला जात होती, म्हणून तो पहाटेचा घाम. आणि रोज सकाळी पेजेचं पाणीच मला वर काढत होतं. आज ते नव्हतं.

एचबीएवनसी म्हणून तपासणी असते, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी. ती केली, ती जेमतेम वर होती. आजार खोटा नव्हता, म्हणाले, पण आहारावर आणि चालण्यावर भागला असता. इन्सुलिन त्या दिवसापासून बंद. तीन दिवस डोळे उघडल्याबरोबर, तोंडात काहीही न घालता बघा, आणि मला फोन करा.

मी उठले नाही. मी विचारलं, मागच्या वेळी माझं बाळ शुगरने गेलं का?

त्यांनी माझे जुने कागद पुन्हा पुढे ओढले. मग म्हणाले, “तेव्हाचे कागद मी बघितले. कारण सांगता येत नाही. ‘माहीत नाही’ हेच खरं उत्तर आहे, ते कितीही वाईट असलं तरी. तुम्ही त्या जागी स्वतःचं नाव लिहू नका.”

मी त्या खुर्चीत इतकी रडले की बाहेरची नर्स आत डोकावून गेली. कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं. अडीच वर्षं मी तेच ऐकायला बसले होते.

संध्याकाळी जामसंड्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, मी खाल्लं का विचारत राहिले, प्यायलं का ते विचारलं नाही. आता प्रत्येकीला विचारते. चूक एवढी सरळ कबूल करणारं माणूस मी फार बघितलेलं नाही, म्हणून माझं त्यांच्यावर प्रेमच बसलं.

अवघड होतं ते सासूबाईंना सांगणं. महेश म्हणाला, नको सांगूस, तिला सोसणार नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या वाडगा घेऊन आल्या आणि मला तो परत करावा लागला. का, ते सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाडगा मागल्या दारी नेऊन माडाच्या बुंध्यात ओतला आणि तिथेच पायरीवर बसल्या. दुपारपर्यंत उठल्या नाहीत, चूल पेटली नाही.

मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले. मला त्यांचा राग आला होता का? आला होता. सात आठवडे मला पडवीत डांबून, माझ्या ताटातला घास मोजून, तीच बाई रोज पहाटे मला भात पाजत होती. आणि तो मी आनंदाने पीत होते, त्याचाही राग होता.

“माजाच चुकला मगे,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “आये, माझंही चुकलं. तक्ता मी लावलाय, तुम्ही नाही. आणि आज मी बागेत चालायला जाणार आहे. अडवलंत तर मात्र मी खरंच भांडेन.”

त्यांनी अडवलं नाही. पन्नास पावलं मागे ठेवून त्या माझ्या मागोमाग आल्या, हातात काठी, लाकडं गोळा करायच्या बहाण्याने. मी न बघितल्यासारखं केलं. गडग्यापलीकडे पाय टाकला तेव्हा मला हसू यायला लागलं आणि थांबेना.

तीन दिवसांचे आकडे आले: अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी, ऐंशी. तेच यंत्र, तीच मी. पेज दहा वाजता, मोजून एक वाटी, भाजी आणि माशाबरोबर. उशिरा लागलेल्या कोवळ्या फणसाची भाजी मिळाली. हंगाम संपता संपता आंब्याची एक फोडसुद्धा मिळाली, जेवणात, डॉक्टरांना विचारून.

तुम्ही असाल कुणी अशा अडकलेल्या, तर माझं एवढंच ऐका. घरचे बांधून ठेवतात ते बहुतेक वेळा भीतीने, आणि भीतीला अक्कल नसते. डॉक्टरांना नुसते आकडे सांगू नका, अख्खा दिवस सांगा. उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते, तुमच्या लेखी ते पाणी असो, प्रसाद असो की खोकल्याचं औषध. आणि इन्सुलिन घेत असाल तर साखर घरातून घालवू नका. उशाशी ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना ती कशासाठी आहे ते सांगा. आम्हाला ते एका अनोळखी बाईने शिकवलं, तिची टपरी तिथे नसती तर मी आज लिहीत नसते.

ऑगस्टच्या सुरुवातीला, दिवस भरायला पंधरवडा असताना, कणकवलीला सिझेरियन झालं. मुलगी. दोन किलो आठशे म्हणजे किती पौंड हो, असं सासूबाईंनी तीनदा विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, भरली आसा.

पण सुटका अजून नव्हती. शुगर असलेल्या आईच्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, म्हणून पहिले काही तास बाळाच्या टाचेला सुई टोचून बघतात. हे मला माहीत होतं. पण मी टाक्यांमुळे उताणी पडलेली, कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं, आणि नर्सने तिचा तो करंगळीएवढा पाय हातात धरला. माझ्या स्वतःच्या बोटांची चाळण झाली होती, तेव्हा मी डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं. आता मी भिंतीकडे तोंड केलं.

पहिल्या वेळी, पावणेतीन वर्षांपूर्वी, अशाच खोलीत बाळ बाहेर आल्यावर मी आणि सासूबाई आवाजाची वाट बघत होतो. तो पोटातच गेलाय हे आम्हाला सांगितलेलं होतं, माहीत होतं, तरी बघत होतो. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

सुई लागली आणि पोर असं काही किंचाळलं की बाजूच्या खाटेवरची बाई उठून बसली. महेश बाहेर पळाला. नर्स तिला थोपटायला लागली, गप्प गप्प, झालं झालं. सासूबाईंनी पुढे होऊन नर्सचा हात बाजूला केला.

“रडांदे गो तिका,” त्या म्हणाल्या. “माका आयकांदे.”

आकडा एकसष्ट आला, चांगला होता. नर्सने तिला आणून माझ्या छातीवर ठेवलं. ती अजून रडत होती, लालबुंद होऊन, आणि आम्ही दोघींनी तिला बराच वेळ गप्प केलं नाही.